40 हजारात घरी अभंग रेकॉर्ड करायचेत? कॉम्प्युटर विकू नका, आधी पंखा बंद करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही मिरजेत राहता, स्वतःच पेटी वाजवत अभंग गाता, आता ते घरीच नीट रेकॉर्ड करायचेत, हातात 40 हजार आहेत, घरात 2019 साली घेतलेला इंटेल आय3-9100 प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे 4 जीबी रॅम आणि साधी हार्डडिस्क असलेला, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की तो विकून टाका, 75 हजारांचा गेमिंग लॅपटॉप हप्त्यावर घ्या आणि हातातल्या पैशातून एक यूएसबी माईक. तर माझं म्हणणं, हे अजिबात करू नका. मी गेली अठरा-एकोणीस वर्षं भजनी मंडळं, कीर्तनं, घरगुती मैफली रेकॉर्ड करतोय आणि या काळात कॉम्प्युटर कमी पडला म्हणून वाया गेलेली रेकॉर्डिंगं माझ्याकडे दोन-तीनच असतील, पण खोली, पंखा, वायर आणि माईकची जागा चुकली म्हणून वाया गेलेली मोजता येणार नाहीत.

आधी कॉम्प्युटरचंच संपवतो. आय3-9100 ला चार कोअर आहेत, आणि तुम्हाला करायचं काय आहे, तर आवाज, पेटी, तबला, टाळ, तंबोरा, म्हणजे फार झाले तर दहा ट्रॅक (वेगवेगळे घेतलेले आवाज). 48 किलोहर्ट्झ 24 बिट या दर्जावर एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा घेतो, म्हणजे सहा मिनिटांचा अभंग दहा ट्रॅकवर घेतला तरी सगळं मिळून 520 एमबीच्या आत, हे काम तो डेस्कटॉप आरामात करेल. अडचण आहे ती 4 जीबी रॅमची आणि हार्डडिस्कची. हार्डडिस्कच्या जागी 500 जीबीची साटा एसएसडी टाका, 8 जीबीची एक रॅमची पट्टी वाढवा, विंडोज नव्याने टाका, जुनी हार्डडिस्क काढून यूएसबीच्या डबीत घाला आणि ती फक्त बॅकअपला ठेवा. रॅम आणि एसएसडीचे भाव फार वरखाली होतात, पण यासाठी सहा हजारांच्या आसपास धरून चला. तुमचा प्रोसेसर नववी पिढीचा आहे, त्यामुळे विंडोज 11 चालतं, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी नावाचं ऑप्शन बंद असेल तर ते तेवढं चालू करावं लागेल. हे मुद्दाम सांगतोय कारण विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आणि त्यानंतर सहाव्या-सातव्या पिढीचे जुने ऑफिसचे लॅपटॉप बाजारात स्वस्तात दिसायला लागलेत, ज्यांच्याकडे आत्ता काहीच नाही त्यांनी रिफर्बिश्ड जरूर घ्यावा पण इंटेलचा असेल तर आठवी पिढी किंवा पुढचा, थिंकपॅड टी480 सारखा, त्यात रॅमच्या दोन जागा असतात आणि दोन्ही बदलता येतात.

गेमिंग लॅपटॉपला माझा विरोध पैशापेक्षा आवाजासाठी आहे. त्याचे पंखे कामाला लागले की अख्ख्या खोलीत घुर्रर्र ऐकू येतं आणि लॅपटॉप तुमच्यापासून दोन हातांवरच असणार, म्हणजे तो आवाज प्रत्येक टेकमध्ये. डेस्कटॉपचा डबा तुम्ही लांब ठेवू शकता, यूएसबी 2 ची केबल पाच मीटरपर्यंत चालते, डबा दाराबाहेर पॅसेजमध्ये आणि मॉनिटर, कीबोर्ड, इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आत, असं मी स्वतः कितीतरी वर्षं केलंय. केबल लावताना डब्याच्या मागच्या पोर्टला लावा, पुढचे पोर्ट आतून लांब वायरीने जोडलेले असतात आणि तिथून कटकट सुरू होते.

आता मुख्य गोष्ट, खोली. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणूनच बहुतेक यावर कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या खोल्या म्हणजे चार भिंती, खाली टाइल्स किंवा शहाबादी, वर स्लॅब, टाळी वाजवली की टंण्ण असं ऐकू येतं, हा टंण्ण तुमच्या आवाजाला चिकटतो आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. आपण बाहेरचा आवाज अडवू शकत नाही, त्याला भिंत जाड लागते, पण आतला आवाज शोषून घेऊ शकतो, आणि त्यासाठी घरातल्या गोधड्या हे माझ्या मते सगळ्यात चांगलं सामान. पाच-सात थरांची जुनी गोधडी दोरीवर भिंतीपासून वीतभर पुढे टांगायची, एक तुमच्या पाठीमागे आणि एक बाजूला, पाठीमागची सगळ्यात महत्त्वाची कारण माईकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या मागून परत येणारा आवाजच तो आधी पकडतो. खाली सतरंजी आणि त्यावर गादी. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दारं उघडी ठेवायची. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्याने काहीही होत नाही, आणि बाजारात मिळणारा इंचभर जाडीचा काळा फोमसुद्धा फक्त वरचे स्वर शोषतो, खर्जातला गुंगुं तसाच राहतो आणि आवाज उलट डब्यात बसून गायल्यासारखा होतो. खोलीच्या अगदी मधोमध बसू नका आणि कोपऱ्यातही नको, खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर बसून बघा.

आणि पंखा. याबद्दल मला जरा जास्त सांगावंसं वाटतं. आमच्या गल्लीत एक वयस्कर बुवा होते, त्यांच्याकडे परंपरेने आलेल्या अभंगांच्या चाली होत्या ज्या मी दुसऱ्या कुणाकडे ऐकल्या नाहीत, मे महिन्यात त्यांच्या घरी जाऊन दोन दुपारी मी पंचवीसेक चाली रेकॉर्ड केल्या. उकडत होतं, बुवांचं वय बघता पंखा बंद करा म्हणायला मला संकोच वाटला आणि मनात धरलं की नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढू. तो पंखा निघाला नाही, कारण पंख्याचा आवाज एकसारखा नसतो, पात्यांबरोबर हेलकावतो आणि काढायला जावं तर बुवांच्या आवाजातला श्वास आणि कंप त्याच्याबरोबर निघून जातो. पुढच्या वर्षी परत घेऊ म्हटलं आणि पुढच्या वर्षी बुवा गाऊ शकत नव्हते. त्या चाली माझ्याकडे आहेत, कळतात, पण त्यांच्यावर कायमचा तो घरघराट आहे. तेव्हापासून मी पाच मिनिटं पंखा बंद, मग दहा मिनिटं विश्रांती आणि पंखा चालू असंच काम करतो, कितीही मोठा गायक असो, हात जोडून सांगतो.

बरं, आता सामान. 40 मधले सहा कॉम्प्युटरला गेले, 34 उरले.

यूएसबी माईक वाईट नसतो, नुसतं बोलायचं असेल, पॉडकास्ट वगैरे, तर मी तोच सुचवतो. पण तुम्हाला आज ना उद्या दुसरा माईक लागणार, पेटीला किंवा तबल्याला, आणि विंडोजवर दोन यूएसबी माईक एकत्र चालवणं म्हणजे डोकेदुखी, दोघांची आतली घड्याळं वेगळी, दहा मिनिटांत एकमेकांपासून सरकायला लागतात. म्हणून ऑडिओ इंटरफेस, आणि तोही दोन माईक लावता येणारा. बजेटमध्ये बेहरिंगर यूएमसी202एचडी माझी पहिली निवड, दोन माईक प्रीअँप (माईकचा बारीक आवाज वाढवणारे), 24 बिट, 48 व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज), आणि विंडोजसाठी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा), नऊ-दहा हजारांच्या आसपास मिळावा. त्याच कंपनीचे यूएम2 आणि यूएमसी22 अजून स्वस्त आहेत पण त्यांना विंडोजवर एएसआयओ4ऑल नावाचा जुगाड लागतो, तो चालतो तेव्हा चालतो. फोकसराइटचा स्कारलेट सोलो दर्जाने छान आहे पण त्यात माईकची जागा एकच, तुमच्या कामाला त्यांचाच दोन माईकचा टू-आय-टू लागेल आणि तो बजेट फोडेल.

ड्रायव्हरवर एवढा जोर का, तर लेटन्सी. तुम्ही गायलेला स्वर कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये यायला जो वेळ लागतो तो. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो ते, 128 ठेवला तर 48 किलोहर्ट्झला एका बाजूचे पावणेतीन मिलिसेकंद, जाऊन-येऊन आणि ड्रायव्हरचं स्वतःचं धरून आठ-दहाच्या घरात, हवेत आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे साथीदार तीन मीटरवर बसल्यासारखं, गायला काही त्रास नाही. तेच बफर 1024 झालं तर एकाच बाजूचे 21 मिलिसेकंद, मग तान घेताना पाय घसरल्यासारखं होतं. ब्लूटूथ हेडफोनमध्ये तर शंभर-दोनशेपर्यंत जातं, म्हणून रेकॉर्डिंगला ब्लूटूथ नाहीच. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो, लेटन्सीचा प्रश्नच मिटतो, फक्त तेव्हा सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा नाहीतर आवाज दोनदा येतो आणि इंटरफेस बिघडला असं वाटायला लागतं. तरी टक्-टक् आवाज आले तर लेटन्सीमॉन हे फुकट सॉफ्टवेअर चालवून बघा, बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हर दोषी निघतो, रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करायचं.

माईक. ऑडिओ-टेक्निका एटी2020, नऊ-दहा हजार, कंडेन्सर (फँटम पॉवरवर चालणारा, बारीक आवाजही पकडणारा), पेटी आणि आवाज दोन्हीला चालतो. याच्या दुप्पट किमतीचे माईक याहून शांत असतात हे खरंय, याचा स्वतःचा नॉइज 20 डेसिबल दिलेला आहे, पण घरातली खोली रात्रीसुद्धा 30 डेसिबलच्या खाली क्वचितच जाते, म्हणजे तुमची खोलीच माईकपेक्षा जास्त आवाज करणार, मग जास्तीचे पैसे कशाला. लोक सांगतात डायनॅमिक (स्टेजवर वापरतात तसा, फँटम पॉवर न लागणारा) घ्या, तो खोली पकडत नाही. ते अर्धवट आहे. डायनॅमिक माईक आपण ओठाला लावून गातो म्हणून खोली कमी येते, अंतर दुप्पट केलं की तुमचा आवाज 6 डेसिबलने पडतो आणि खोलीचा आहे तेवढाच राहतो, हा हिशोब दोन्ही माईकना सारखाच लागू आहे. शुअर एसएम58 चांगलाच आहे, कार्यक्रमालाही कामाला येईल, पण त्याचे नकली खूप फिरतात, निम्म्या भावात मिळतोय म्हणून मी एकदा एका दुकानातून घेतला आणि घरी आणून वाजवल्यावर कळलं. खऱ्याचं वजन 298 ग्रॅम असतं, निदान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, बराच हलका भरला तर परत करा. आणि बीएम-800 नावाचा जो किट दीड हजारात मिळतो, स्टँड, फोम, बारीक पिनेची वायर सगळं त्यातच, तो नको. त्या माईकला नीट चालायला फँटम पॉवर लागते आणि दिलेली वायर लॅपटॉपच्या भोकात जाते जिथे तेवढी पॉवर नसतेच, मग आवाज बारीक येतो आणि वाढवला की नुसता शिश्श.

हेडफोन बंद कपांचे हवेत, उघडे असले तर तबल्याचा ठेका कानातून गळून माईकमध्ये येतो. ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम20एक्स पाच-सहा हजारात पुरेसे आहेत. स्पीकर आत्ता नकोत, छोट्या खोलीत चांगले स्पीकरसुद्धा खर्जाबद्दल खोटं सांगतात. मिक्स हेडफोनवर करा आणि मग मोबाइलवर, गाडीत, बहिणीच्या टीव्हीवर वाजवून बघा.

स्टँडबद्दल नीट ऐका कारण इथे सगळे फसतात. टेबलाला चिमटा लावून बसवायचा आर्म घेऊ नका, तुम्ही मांडी घालून खाली बसणार आहात, टेबल कुठंय? तीन पायांचा बूम स्टँड घ्या, खाली उतरवून आडवा दांडा पेटीच्या वरून आणता येतो, हजार-दीड हजार. पायाखाली घडी केलेलं कांबळं ठेवा, नाहीतर मांडीवर ताल दिला की ठक्‌ठक् फरशीतून माईकमध्ये चढतो. पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी माईकपुढची जाळी) हवाच, अभंगांत पांडुरंग, पंढरी, पुंडलिक, भक्ती, प पासून भ पर्यंत सगळे ओठांवर फुटणारे वर्ण ठासून भरलेत. चार बोटं पुढे फिल्टर, माईक तोंडासमोर सरळ न ठेवता जरा बाजूला वळवलेला. माईकची केबल एक्सएलआर ते एक्सएलआर (तीन पिनांची), तीन-चार मीटरच्या दोन घेऊन ठेवा.

रेकॉर्डिंगसाठी सॉफ्टवेअर रीपर. साठ दिवस फुकट पूर्ण चालतं, नंतर सवलतीचं लायसन्स 60 डॉलर, म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास. चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका, पटत नाही म्हणून तर आहेच पण त्याच्याबरोबर काय काय कॉम्प्युटरमध्ये शिरतं ते कळत नाही. सगळी बेरीज चाळिशीला टेकते, दुसरा माईक सहा महिन्यांनी.

आता तुमची खरी अडचण, जी इंग्रजी व्हिडिओंत कुणी सांगत नाही कारण त्यांच्याकडे पेटी नाही. ते सांगतात आधी वाद्य वाजवून घ्या, मग त्यावर गा. अभंगात हे जमत नाही, पेटी गळ्याच्या मागे जाते, आलापात कुठे थांबायचं हे आधी ठरलेलं नसतं, आधी पेटी वाजवून ठेवली की गाणं तिच्या दावणीला बांधलं जातं. म्हणून दोन्ही एकदम घ्या. एकच माईक असताना तो तोंडापासून दीड-दोन फुटांवर, हनुवटीच्या उंचीला ठेवा आणि पेटी जास्त आली तर माईक वर न्या, आवाज जास्त आला तर खाली, गेनला (माईकची पातळी ठरवणाऱ्या बटणाला) हात न लावता. एका माईकचा हा बॅलन्स मिळायला अर्धा तास जाईल, जाऊ दे, नंतर सगळं सोपं होतं. दुसरा माईक आला की गाण्याचा माईक तोंडापासून वीतभर, खालून वर बघणारा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे येते आणि कार्डिऑइड माईक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. पेटीचा माईक उजव्या बाजूने, फूट-सव्वा फुटावर, भात्यापासून लांब, नाहीतर फुस्-फुस् येणार. दोन माईकमधलं अंतर, माईक आणि त्याचं वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, म्हणजे दोन्ही एकत्र केल्यावर आवाज पोकळ होत नाही. आणि रेकॉर्डिंगआधी गळकी पट्टी, कुरकुरणारा स्टॉप, हे पेटीवाल्याकडून करून घ्या.

तंबोऱ्याचं ॲप लावणार असाल तर ते 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असतं आणि आपल्या पेट्या जुन्या झाल्या की थोड्या वरखाली जातात. तुमची काळी एक आणि ॲपची काळी एक जुळतेच असं नाही. ॲपमध्ये बारीक सूर लावायची सोय असते, ते पेटीला लावून घ्या, उलटं नाही. खरं तर तुम्ही मिरजेत आहात, सतारमेकर गल्ली जवळ आहे, मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालंय, कुणाकडून एक दिवस तंबोरा आणून तुमच्या पट्टीत पंधरा मिनिटं सलग रेकॉर्ड करून ठेवता आला तर बघा, तो पुढची सगळी वर्षं वापरता येईल आणि त्याने रेकॉर्डिंगचा चेहरामोहरा बदलतो.

लेव्हल लावताना सगळ्यात जोरात जी ओळ गाणार ती गाऊन बघा, मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू दे, लाल कधीच नको. 24 बिटमध्ये आवाज थोडा कमी आला तरी नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. बारीक हम्म येत असेल तर तो 50 हर्ट्झचा विजेचा. पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर एकेक बंद करून बघा, कॉम्प्युटर आणि इंटरफेस एकाच बोर्डावर लावा, तरी गेला नाही तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरांत तिसरी पिन कुठे जोडलेलीच नसते. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, झटका बसेल.

एक रुपया खर्च करायच्या आधी आज रात्री दहानंतर त्या खोलीत बसा, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि मोबाइलवर एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. हेडफोन लावून मोठ्याने ऐका आणि जे जे ऐकू येईल ते कागदावर लिहा, फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, शेजारची पाण्याची मोटर, रस्ता. मग जे बंद करता येतं ते बंद करून परत एक मिनिट घ्या. तीच चाचणी आतल्या खोलीत, तीच पहाटे चारला, असं दोन-तीन दिवस करा, कुठली खोली आणि कुठली वेळ ते ठरलं की मग दुकानात जा.